सांतो निन्योला बोललेली चाकं

माझा नवरा आयुष्यात एकदाच देवाशी मोठ्याने बोलला, आणि तेव्हाही भलतंच बोलून बसला.

अल्बुकर्कीच्या इस्पितळात आम्ही बाकावर बसलो होतो. आत आमच्या नातवाच्या, चायोच्या, खुब्यांचं ऑपरेशन चाललं होतं. पोरगं जन्मलं तेच दोन्ही खुबे सरकलेलं. दीड वर्षाचं झालं तरी बूड घासत घरभर फिरायचं, आणि इतक्या जोरात फिरायचं की दर महिन्याला दोन चड्ड्या फाटायच्या. डॉक्टर म्हणाले होते की चालेल असं वाटतं, पण शब्द देत नाही. माझी मुलगी लुसिना जपमाळ ओढत होती. मी तिला धरून बसले होते. आणि ओनेसिमो, माझा नवरा, जो चर्चमध्येही शेवटच्या बाकावर बसून ओठ न हलवता प्रार्थना करतो, तो एकाएकी उभा राहिला आणि छताकडे बघून म्हणाला, "सांतो निन्यो, तुझे बूट रोज झिजतात म्हणे. ह्या पोराला चालव. मी तुला बूट नाही, चाकं देईन. क्रोमची. शंभर स्पोकची, अस्सल."

जवळून जाणारी एक नन थबकली, त्याच्याकडे बघत राहिली आणि छातीवर क्रूस काढून पुढे गेली.

चिमायो गावचा आमचा सांतो निन्यो, तो दीड हात उंचीचा बाळ येशू, दिवसभर आपल्या छोट्याशा चर्चमध्ये खुर्चीवर बसतो आणि रात्री उठून दरीभर हिंडतो. कुणी आजारी असतं, कुणी तुरुंगात, कुणी रस्त्यात अडकलेलं. जो हाक मारेल त्याच्याकडे जातो. इतकं चालल्यावर बूट झिजणारच. म्हणून अख्खी दरी नवस फेडायला त्याला लहान मुलांचे बूट वाहते. माझ्या आईने वाहिले, सासूने वाहिले. भिंतीला बुटांची रांग आहे. चाकं मात्र आजवर कुणीही बोललं नव्हतं.

पण ओनेसिमोला चाकांशिवाय दुसरं काय सुचणार? आमच्या एस्पान्योला गावात प्रत्येक घरात एक तरी जमिनीला टेकलेली गाडी असते. आमच्याकडे एकोणसाठ सालची शेवरले आहे, लाल, रंगाचे अकरा हात दिलेली. मागच्या काचेवर सोनेरी अक्षरांत तिचं नाव आहे, 'ला पासिएन्सिया', म्हणजे धीर. नाव त्याने गाडीला दिलं, पण ती घरी आल्यापासून सतरा वर्षं धीर मी धरला. डिकीत बॅटऱ्या आणि पंप आहेत. बटण दाबलं की गाडी पोट टेकते, दुसरं दाबलं की पाय ताणून उभी राहते. आत लाल मखमल आहे. त्या गाडीत खायचं नाही, प्यायचं नाही, लिपस्टिक लावून काचेला टेकायचं नाही, आणि बसण्याआधी बूट काढून हातात घ्यायचे. लग्नाला चाळीस वर्षं झालेली बायको मी, पण मलाही त्यातून सुटका नव्हती.

एवढं सगळं असून चाकं मात्र साधी, लोखंडी, पत्र्याच्या टोप्या घातलेली. लोक चेष्टा करत, की ओनेसिमो, नवरीला मखमल नेसवलीस आणि पायात रबरी चपला? तो म्हणे, घेईन तर अस्सल घेईन, नाहीतर टोप्या काय वाईट आहेत. डोंगरावरच्या सरकारी प्रयोगशाळेत पाइप जोडण्याची नोकरी संपल्यावर तो अकरा वर्षं दर शरद ऋतूत पिन्योनची, म्हणजे इथल्या बुटक्या पाइनची, लाकडं फोडून विकत होता. ते पैसे चाकांचे. त्यांना मी हात लावायचा नाही आणि त्यानेही नाही. सहासष्टावं लागलं होतं त्याला. हातात कुऱ्हाड आणखी किती वर्षं टिकणार हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सप्टेंबरात, अंगणात मिरच्या भाजत होतो तेव्हा, चायो चालला. दाराजवळच्या फ्रिजला धरून उभा होता. कुत्र्याने टोर्टिया पळवला म्हणून चिडला, फ्रिज सोडला आणि सरळ सहा पावलं टाकून कुत्र्याची शेपटी धरली. लुसिना किंचाळली. मी रडले, मिरचीचे हात डोळ्यांना लावले आणि दुप्पट रडले. ओनेसिमोही रडला. मग एकदम डोळे पुसून गॅरेजकडे बघू लागला. मी ओळखलं. नवस आठवला होता.

पुढचे पंधरा दिवस त्याने पळवाटा शोधल्या, आणि मी एकेक बुजवली. आधी चकाकत्या बकलांचे सुरेख छोटे बूट घेऊन आला. मी म्हटलं, बकलं क्रोमची आहेत, पण स्पोक कुठे आहेत? मग खेळण्याची गाडी आणली, खऱ्यासारखी चाकं असलेली. मी चष्मा लावून एका चाकाचे स्पोक मोजले, दहा भरले. मग त्याने हिशेब मांडला की लहानग्याला पाय दोन, तेव्हा चाकं दोनच पुरेत, उरलेली दोन गाडीच्या पुढच्या बाजूला लावता येतील. मी विचारलं, म्हणजे तो सायकल चालवणार का? शेवटी तो पाद्रीकडे गेला. पाद्री तरुण होता, ओहायोकडचा. तो हसून म्हणाला की देव वही घेऊन बसत नाही, मनातली कृतज्ञता पोचली की झालं.

मला वाटलं, सुटला. पण घरी येऊन तो बराच वेळ गॅरेजमध्ये गाडीच्या टोप्यांकडे बघत बसला आणि मग स्वयंपाकघरात आला.

"पाद्री चांगला आहे," तो म्हणाला, "पण तो तिथे नव्हता. मी अस्सल म्हटलं होतं, म्हातारे. तू ऐकलंस."

"ऐकलं."

"पोरगं पण खोटंखोटं चालत नाहीये."

 त्याच्या अकरा वर्षांच्या कुऱ्हाडीची चाकं जाणार होती आणि परत घ्यायला दुसरी अकरा वर्षं नव्हती. त्या क्षणी मला तो फार आवडला, आणि त्याला हे कळू नये म्हणून मी भांडी आपटली.

अल्बुकर्कीच्या दक्षिण टोकाला सेलेडॉन नावाचा माणूस अंगणातल्या शेडमध्ये चाकं बांधतो. बांधतो म्हणजे खरोखर बांधतो, एकेक स्पोक हाताने ओवून, ताणून, चाक फिरवून कान लावून. ओनेसिमो अकरा वर्षं त्याच्याकडे नुसता बघायला जात होता. आम्ही पिकअपमधून उतरलो तसा सेलेडॉन हात पुसत पुढे आला. त्याला वाटलं, एकोणसाठचा मुहूर्त अखेर लागला.

ओनेसिमोने त्याला खरं ते सांगितलं. मी सेलेडॉनच्या तोंडाकडे बघत होते. हसला असता तर मी त्याला सोडलं नसतं. तो हसला नाही. त्याने टोपी काढली, थोडा विचार केला आणि विचारलं, "किती उंच आहे तो?"

ओनेसिमोने जमिनीपासून हात धरून दाखवला.

"मग तेरा इंची घे," सेलेडॉन म्हणाला. "चौदा त्याला मोठी होतील."

त्याने बाकड्यावर दोन चाकं शेजारी ठेवली. मला दोन्ही सारखीच दिसली, दोन्हींत माझं तोंड तेवढंच वाकडं. सेलेडॉनने माझं बोट धरून स्पोक जिथे आत शिरतो त्या भोकाच्या कडेवर टेकवलं. एका चाकाची कड खरखरीत लागली. दुसऱ्याची आतपर्यंत गुळगुळीत. तो म्हणाला की स्वस्त चाकाचं क्रोम भोकापाशी संपतं, आणि पहिल्या हिवाळ्यात रस्त्यावरच्या बर्फावर टाकलेलं मीठ तिथूनच शिरतं. चांगल्याला आधी तांब्याचा हात, मग निकेलचा, मग क्रोमचा, आणि तोही आतून. मग त्याने पाना घेऊन स्पोक वाजवले. स्वस्त चाक कुठे टण, कुठे ठप्प वाजलं. चांगलं चाक सगळीकडून एकसारखं वाजलं.

मग सेलेडॉनने आवाज खाली आणला. माणूस वाईट नाही, अकरा वर्षांचं गिऱ्हाईक आहे म्हणून कणव आली असेल. म्हणाला, चार स्वस्त चाकांचा जोड चौथाई किमतीत येतो. चर्चमध्ये अंधार असतो. हा जोड तिथे ठेव, उरलेल्या पैशांत थोडी भर घाल आणि चांगला जोड एकोणसाठला लाव. कोण बघणार आहे?

ओनेसिमोने स्वस्त चाक उचललं, आडवं धरलं, उभं धरलं. त्याला किती मोह झाला असेल ते त्याच्या मानेवरून मला कळत होतं. मग ते त्याने हळूच खाली ठेवलं.

"तो अंधारातच हिंडतो, भाऊ. त्याला दिसतं."

सेलेडॉनने मजुरी घेतली नाही. वर चाकाचा मधला नट ठोकायचा शिशाचा हातोडा फुकट दिला, लागलाच लहानग्याला तर असावा म्हणून.

आठवडाभर ती चार चाकं घोंगड्यांत गुंडाळून आमच्या दिवाणखान्यात होती. ओनेसिमो रोज संध्याकाळी एक घोंगडी उघडायचा, बघायचा, परत झाकायचा. मी दोनदा ठेचकाळले. चायोने एक घोंगडी ओढली आणि क्रोममध्ये स्वतःचं तोंड बघून त्याला पापा दिला. तो डाग पुसायला ओनेसिमोला अर्धा तास लागला. रविवारी आम्ही चाकं पिकअपमध्ये घालून चिमायोला नेली.

चर्चची किल्ली दोन्या क्लिओफासकडे असते; आमच्याकडे मानाने बाईला दोन्या म्हणतात, पुरुषाला डॉन. वय ऐंशीच्या पुढे, कमरेत वाकलेली, आणि जिभेला हाड नाही. ओनेसिमोने चारही चाकं अंगणात भिंतीला लावून ठेवली आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. उन्हात ती अशी झगमगली की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. दोन्या क्लिओफासने त्यांच्याभोवती एक फेरी घातली.

"याचं काय करायचं त्याने?" तिने विचारलं. "गळ्यात घालायची?"

ओनेसिमोने सगळी हकीकत सांगितली. चायोला पुढे केलं. चायोने चार पावलं चालून दाखवलं आणि तिची काठी पळवली. तेव्हा कुठे ती जराशी विरघळली, पण चाकं आत घ्यायला तयार होईना.

"पोरा, बूट लोक शोभेला वाहत नाहीत," ती म्हणाली. "रोज सकाळी मी त्याच्या बुटांचे तळवे बघते. धूळ असते, सराटे रुतलेले असतात. तुझी चाकं चालतच नाहीत, तर ती त्याला मिळाली असं मी कसं म्हणू?"

"मग मी काय करू?"

"गाडी आहे ना तुझी? तिला लाव. पण चाकं त्याची, हे विसरू नकोस. तो जिथे जातो तिथे ती जातील. झिजली की आणून दाखव."

"किती झिजली की, दोन्या क्लिओफास?"

"ते मला कळेल."

परतीच्या वाटेवर ओनेसिमो शीळ वाजवत होता. मी मनात म्हटलं, काय नशीब घेऊन आलाय हा माणूस. नवस बोलला, पोरगं चाललं, आणि नवसाची चाकंही याच्याच गाडीला. मी माझ्या आयुष्यात इतके नवस फेडले, एकही असा परत आला नाही.

त्याच दुपारी त्याने शिशाच्या हातोड्याने चारही नट ठोकले. प्रत्येक ठोक्याबरोबर आळीतलं एकेक दार उघडलं. संध्याकाळी 'ला पासिएन्सिया' मोठ्या रस्त्यावरून सायकलच्या वेगाने गेली, मी पुढे, लुसिना आणि चायो मागे, सगळ्यांचे बूट मांडीवर. लोक पदपथावर थांबून बघत होते. सतरा वर्षं चेष्टा करणाऱ्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. ओनेसिमो एका हाताने चालवत होता आणि सरळ समोर बघत होता, जणू काही झालंच नाही. त्याचे कान मात्र लाल झाले होते. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

सोमवारी सकाळी फोन वाजला.

"सांतो निन्योची गाडी मोकळी आहे का?" कुणीतरी म्हातारी विचारत होती.

दोन्या क्लिओफासने प्रार्थनेनंतर सगळ्यांना सांगून टाकलं होतं. त्या म्हातारीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. दुसऱ्या दिवशी एका बाईला सांता फेच्या तुरुंगात मुलाला भेटायला जायचं होतं, आणि तिच्याबरोबर तमालेंचं, मक्याच्या वाफवलेल्या पुड्यांचं, गरम पातेलं होतं. त्यानंतर कोर्दोव्हा गावचे डॉन त्रांकिलिनो. म्हातारे, एकटे, जन्मभर मेंढ्या राखलेले. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, म्हणून मंगळवार, गुरुवार, शनिवार सांता फेला जाऊन मशीनवर रक्त धुवून घ्यावं लागे. पूर्वी नेणारा पुतण्या डेन्व्हरला गेला होता.

पहिल्या आठवड्यात ओनेसिमोच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने मखमलीवर प्लास्टिक अंथरलं. प्रवाशांच्या बुटांवर दुकानातल्या पिशव्या बांधल्या. म्हाताऱ्या बायका पाय पुढे करून बसत आणि हा आंघोळ घालणाऱ्या आईसारखा पिशव्यांना गाठी मारत असे. डिकी बॅटऱ्यांनी भरलेली, त्यामुळे कुबड्या, पातेली, एकदा तर जिवंत कोंबडी, सगळं मांडीवर. पण एक गोष्ट अशी घडली की तोही खूश झाला. बटण दाबून गाडी जमिनीला टेकवली की दुखऱ्या गुडघ्यांच्या म्हाताऱ्या खुर्चीवर बसावं तशा तिच्यात बसत. इस्पितळाच्या गाडीत चढताना दोन माणसं लागायची. इथे कुणी लागत नव्हतं. त्या सगळ्यांना उतरायच्या वेळी गाडी खाली जाते ते फार आवडे. काही जणी घरी पोचल्यावर आणखी एकदा वर-खाली करायला लावत.

चाकं मात्र तो डोळ्यांत तेल घालून जपत होता. कच्च्या रस्त्यावर जायचंच नाही. लोकांनी डांबरी रस्त्यापर्यंत चालत यायचं. रोज घरी आल्यावर मऊ फडक्याने एकेक स्पोक पुसायचा. दोन-तीनदा तो चाकं दाखवायला दोन्या क्लिओफासकडे जाऊन आला. तिने दारातूनच बघितलं आणि म्हणाली, "नवी कोरी आहेत. जा." हिवाळा असाच गेला.

मार्चमध्ये डोंगरावरचं बर्फ वितळायला लागलं. एका गुरुवारी सकाळी डॉन त्रांकिलिनोंचा फोन आला. मंगळवारी रस्ता बंद होता म्हणून त्यांचं जाणं चुकलंच होतं. आता पाय सुजून बुटात मावत नव्हते. त्यांना वर रस्त्यापर्यंत चालता येणार नव्हतं. म्हणाले, राहू दे आज, शनिवारी बघू. आवाज असा येत होता जणू ते विहिरीच्या तळाशी बसून बोलत होते. मी ओनेसिमोला सांगितलं. त्याने किल्ली घेतली. लुसिना पिकअप घेऊन कामावर गेली होती, म्हणून चायोही बरोबर.

डॉन त्रांकिलिनोंचं घर कोर्दोव्हाच्या उतारावर, एका बोळाच्या तळाशी आहे. बोळाला दोन्ही बाजूंनी दगडी कुंपण. रुंदी गाडीएवढी आणि वर वीतभर. तळाला चिखल, आणि चिखलात वाहून आलेले दगड. ओनेसिमोने बोळाच्या तोंडाशी गाडी थांबवली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला.

"मी खाली जाते," मी म्हटलं. "धरून आणते त्यांना."

"तुझे गुडघे बघ. तुला कोण वर आणणार?"

"मग ॲम्ब्युलन्स बोलावू."

"या बोळात ती मावत नाही. आणि ती येईपर्यंत दुपार होईल."

खरं सांगते, त्याने जाऊ नये असं मला वाटत होतं. डॉन त्रांकिलिनोंची काळजी नव्हती असं नाही. पण त्या चाकांसाठी ह्या माणसाने अकरा वर्षं कुऱ्हाड चालवलेली मी पाहिली होती. आमच्याकडे, मी स्वतःशी म्हटलं, कुणी इतकं मागू नये, सांतो निन्योने सुद्धा नाही. मागच्या सीटवर चायोने बूट शोधून काढले होते आणि उलटसुलट पायांत चढवले होते. तो काचेवर हात मारत म्हणाला, "चल ना, आजोबा."

ओनेसिमोने बटण दाबलं. गाडी पाय ताणून उभी राहिली. मग त्याने ती बोळात घातली.

निम्म्यावर डावीकडचा दगड चाकाला लागला. क्रोमवर दगड घासल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही. दात शिवशिवले माझे. तो आवाज पुढच्या चाकापासून सुरू झाला आणि मागच्या चाकाशी संपला. ओनेसिमो थांबला नाही. त्याचा जबडा आवळलेला होता, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं ते त्याने पुसलं नाही.

खाली त्याने गाडी चिखलात टेकवली. आम्ही दोघांनी डॉन त्रांकिलिनोंना खांद्यांना धरून आत बसवलं. त्यांच्या पायांत सैल, फाटके गमबूट, मेणासारखा चिखल लागलेले. मी पिशव्या शोधायला लागले. ओनेसिमो म्हणाला, वेळ घालवू नकोस. गमबूट तसेच लाल मखमलीवर गेले.

"घासली रे तुझी गाडी," डॉन त्रांकिलिनो पुटपुटले.

"चाकं त्याची आहेत," ओनेसिमो म्हणाला. "त्याचं तो बघेल." 

सांता फेच्या नर्सने डॉन त्रांकिलिनोंना चाकांच्या खुर्चीतून घाईघाईने आत नेलं. नंतर बाहेर येऊन तिने विचारलं की यांना कुणी आणलं. ओनेसिमोने हात वर केला. ती म्हणाली, यांचा शनिवार उजाडला नसता.

त्या दिवशी त्याने चाकं पुसली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी फडकं काढून ठेवलं होतं, ते तसंच पडून राहिलं. रविवारी वाळलेल्या चिखलासकट आम्ही चिमायोला गेलो. दोन्या क्लिओफास दारातून बघून परत फिरणार होती, पण थांबली. अंगणात आली. काठी माझ्या हातात दिली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन खाली वाकली आणि पुढच्या डाव्या चाकावरून बोट फिरवलं. चिखल टवका होऊन पडला. खालून मोठा चरा दिसला, आतलं तांबं उघडं पडलेलं. मग तिने टायरमध्ये रुतलेला एक सराटा नखाने उपटला आणि तळहातावर घेऊन बघितला.

"चाललाय," ती म्हणाली. "फिटला तुझा नवस."

ओनेसिमोला कळायला वेळ लागला. "म्हणजे चाकं आता?"

"तुझी. त्याची चालून झाली. घरी ने, धू, पूस, काय करायचं ते कर."

आम्ही घरी आलो. त्याने अख्खा सोमवार गाडी धुण्यात घालवला. मखमलीतला चिखल ब्रशने काढला, चाकं दोनदा धुतली, तीनदा पुसली. चरा निघाला नाही, अर्थातच. सेलेडॉनचा फोन आला होता, की चाकं घेऊन ये, पुन्हा क्रोम चढवून देतो. ओनेसिमो त्याला म्हणाला, बघू. संध्याकाळी गाडी गॅरेजमध्ये चादरीखाली गेली, पूर्वीसारखी. सांतो निन्योची गाडी मोकळी आहे का असं विचारणाऱ्यांना मी सांगितलं की नवस फिटला, आता ती आमची आहे. ते आमचं अभिनंदन करत आणि फोन ठेवत.

मंगळवारी सकाळी मी कॉफी ओतत होते तेव्हा गॅरेजचं दार वाजलं. खिडकीतून पाहिलं तर चादर घडी घालून बाजूला ठेवलेली. चायो आधीच गाडीजवळ उभा होता, बूट उलटे घातलेले.

"नवस फिटला ना, म्हाताऱ्या?" मी विचारलं.

"फिटला."

"मग?"

"मग काय? आज मंगळवार आहे." त्याने इंजिन चालू केलं. "ते बोळात वाट बघत असतील."

मी कॉफी तशीच टेबलावर ठेवली आणि बाहेर आले. दार उघडलं, आणि सतरा वर्षांच्या सवयीने बूट काढायला खाली वाकले.

"राहू दे," ओनेसिमो म्हणाला. "पायातच राहू दे."